ग्रॅपनेल कोव्हची संमती

ग्रॅपनेल कोव्ह, न्यूफाउंडलंड
११ फेब्रुवारी

कोरी,

फोन सोडून आत्याने पत्र का लिहिलं, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू "हो हो आत्या" म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदावर नुसतं "हो हो" लिहून पाठवायला तुलाही लाज वाटेल. शिवाय खासदाराच्या पत्त्यावर पाठवलेल्या पत्राला तिकीट लागत नाही, तेव्हा सरकारकडून मला एवढं तरी फुकट मिळू दे.

तुमच्या खासदारबाईंचं पत्रक काल आलं. गुळगुळीत कागद, वर बाई हसताहेत. ही पत्रकं तूच लिहितोस हे मला माहीत आहे, म्हणून मी दरवेळी शेवटपर्यंत वाचते. पहिल्या पानावर दातांच्या नव्या योजनेची बातमी आहे. छान. इथून दातांचा डॉक्टर दोन तासांवर, आणि माझे स्वतःचे दात तीन. दुसऱ्या पानावर केंद्र सरकारने आपल्या मतदारसंघात काय काय केलं त्याची जंत्री. रेकर्स हार्बरला नवा धक्का आणि लाटा अडवायला बांध. आणि त्याच्या खाली, बारीक अक्षरांत: "ग्रॅपनेल कोव्ह: स्थानिकांच्या संमतीने धक्क्याचं हस्तांतर."

कसली संमती? कोणाची? या गावात अकरा घरं आहेत आणि धक्क्याला सहा बोटी. मी दारोदार जाऊन विचारलं. कोणालाही कोणी काही विचारलेलं नाही. गार्लंड असता तर असली ओळ छापायची कोणाची हिंमत झाली नसती. तुझे काका एकोणीस वर्षं बंदर समितीचे अध्यक्ष होते. त्यांना जाऊन अजून वर्षही झालं नाही, आणि कोणीतरी मागच्या दाराने सही करून मोकळा झाला.

कोण ते मला कळतंय. समितीत आता एकटा सचिव उरलाय, हेडली स्ट्रिकलंड. सप्टेंबरात तो तीनदा रेकर्स हार्बरला जाऊन आला आणि विचारलं तर म्हणाला, "जरा काम होतं." आपल्या बोटीसाठी तिकडे जागा बघत असणार, दुसरं काय! मला नुसतं सांग, त्या कागदावर कोणाची सही आहे?

डल्सीआत्या


ओटावा
२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं. आधी एक विनंती, यापुढे ऑफिसच्या पत्त्यावर लिहू नकोस. इथे आलेलं प्रत्येक पत्र उघडून त्यावर शिक्का मारतात. घरचा पत्ता पाकिटामागे लिहिला आहे. तिकिटाचे पैसे मी देईन.

आता तुझा प्रश्न. "हस्तांतर" हा सरकारी शब्द आहे. जवळजवळ दोन बंदरं असली की केंद्र सरकार त्यातल्या एकाचीच देखभाल करतं, असं धोरण आहे. दुसरं बंदर मग गावाने, नगरपालिकेने किंवा कोणा संस्थेने चालवायला घ्यायचं. कोणी घेतलं नाही, तर पुढचं पुढे बघतात. हे बरीच वर्षं चालू आहे, त्यात नवीन काही नाही. "संमती" हासुद्धा ठरीव शब्द आहे, त्याचा फार अर्थ काढू नकोस. मूळ कागद बंदर खात्याकडे असतात, आमच्याकडे नाहीत.

हेडलीकाकांवर मात्र उगाच संशय घेऊ नकोस. ते तसे नाहीत. हेडलीकाकांनी आपल्या घरासाठी किती केलंय हे तुलाही माहीत आहे. हेडलीकाकांशी यावर बोलूसुद्धा नकोस असं मला वाटतं, शब्दाने शब्द वाढतो.

जुलैत सुट्टी मिळाली की येतो.

कोरी


ग्रॅपनेल कोव्ह
४ मार्च

कोरी,

मी हेडलीचं नाव एकदा घेतलं. तू तीन ओळींत तीनदा घेतलंस. मी विचारलं सही कोणाची, तू सांगितलंस हस्तांतर म्हणजे काय. पत्रकं लिहून लिहून तुझा हात असा झालाय की घरच्या पत्रातसुद्धा सगळं असतं, विचारलेलं तेवढं नसतं. आणि "पुढचं पुढे बघतात" म्हणजे काय? आम्हांला इथे कळलंय ते. कोणी घेतलं नाही की धक्का उखडून नेतात.

बोलू नकोस म्हणालास ना, म्हणून मी बोलले. सोमवारी दुकानात. हेडली टपालाची वाट बघत उभा होता.

"हेडली, धक्का सोडायचा कागद तू बघितलायस का?"

त्याने आधी बाहेर बघितलं, मग बुटांकडे. म्हणाला, "डल्सी, जाऊ दे."

"काय जाऊ दे? धक्का?"

"ते सगळंच. तुझ्या तब्येतीला बरं नाही ते."

"माझी तब्येत ठणठणीत आहे. सही कोणाची आहे ते सांग."

"मी सांगणार नाही," म्हणाला आणि टपाल न घेताच गेला.

माहीत नाही असं नाही म्हणाला, सांगणार नाही म्हणाला. दुकानातल्या चौघांनी ऐकलं. गार्लंडच्या शेवटच्या चार महिन्यांत हा माणूस रोज आमच्याकडे येऊन बसायचा. मी दोघांना चहा द्यायची आणि बाहेर जायची, म्हटलं मित्र आहेत, बोलू देत. आता वाटतं, तो काय काढून घ्यायला येत होता कोण जाणे.

त्याने दाराशी ठेवलेली मूस हरणाच्या मटणाची बरणी मी जशीच्या तशी त्याच्या पायरीवर परत ठेवली. तो आणून देतो ती जळणाची लाकडंही नकोत म्हणून निरोप पाठवला.

सरकारी कागद मागवायचा अर्ज असतो म्हणे, पाच डॉलर भरून. मागवणार आहे.

डल्सीआत्या


ओटावा
१९ मार्च

प्रिय आत्या,

तो अर्ज कृपा करून करू नकोस. उत्तराला महिनोन् महिने लागतात आणि आलं तरी निम्म्या ओळी काळ्या केलेल्या असतात. त्यातून तुला काही मिळणार नाही, नुसता मनस्ताप होईल.

तू हेडलीकाकांची बरणी परत केलीस हे वाचून मला फार वाईट वाटलं. आत्या, प्रत्येक गोष्टीत कोणीतरी चोर असतोच असं नाही. कधी कधी चांगल्या माणसांनाही दोन वाईटांतलं एक निवडावं लागतं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खासदारबाई गावोगावच्या बैठका घेत तुमच्याकडे येणार आहेत. त्या स्वतः सगळं समजावून सांगतील. तू जा, ऐक, पण तिथे कोणाचं नाव घेऊन बोलू नकोस. एवढं माझ्यासाठी कर. जुलैत आलो की आपण दोघं बसून बोलू. काही गोष्टी पत्रात लिहिण्यासारख्या नसतात.

कोरी


ग्रॅपनेल कोव्ह
३ मे

कोरी,

अर्ज केला. तू नको म्हणालास त्याच दिवशी टाकला.

गेल्या महिन्यात धक्क्यावर पाटी ठोकून गेले. ३० सप्टेंबरनंतर बोट बांधायला आणि पायी जायलाही बंदी. शेवंडांचा हंगाम नुकता सुरू झालाय, माणसं पिंजरे घेऊन त्या पाटीखालून जातात. पुढच्या वर्षी बोटी कुठे बांधायच्या ते कोणालाच माहीत नाही.

काल चर्चच्या हॉलमध्ये बैठक झाली. तुमच्या बाई वेळेवर आल्या, सगळ्यांशी हात मिळवला, माझ्या ब्लूबेरीच्या जॅमचं कौतुक केलं. मग दातांची योजना, म्हाताऱ्यांच्या पेन्शनीतली वाढ, जंगलाच्या आगीसाठी काय केलं, इंटरनेटची तार कुठवर आली. धक्क्याची पाळी आली तेव्हा म्हणाल्या, "हा निर्णय तुमच्याच समितीने घेतलेला आहे आणि सरकारने त्याचा मान राखला."

मी उभी राहिले. तू नाव घेऊ नकोस म्हणाला होतास ते आठवत होतं. तरी घेतलं.

म्हटलं, "बाई, समिती म्हणजे आता हेडली स्ट्रिकलंड. माझा नवरा गेल्यावर याने एकट्याने गावाचा धक्का विकून टाकला. याला काय मिळालं ते विचारा."

हेडली मागच्या रांगेत होता. वाटलं, ओरडेल, आरोप नाकारेल. तो नुसता उठला आणि गेला. टोपी खुर्चीवरच राहिली. बाहेर गारा पडत होत्या.

पण तुला लिहायचं ते वेगळंच. बाईंनी लगेच फाइल उघडून एक कागद काढला आणि म्हणाल्या, "नाही नाही, आमच्याकडे जी सही आहे ती तर..." मग त्यांनी विचारलं, "तुमचं नाव काय म्हणालात?" मी म्हटलं, "डल्सी कीपिंग." त्यांनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फाइल मिटली. "हे मी तपासून कळवते," म्हणाल्या.

माझं नाव ऐकून फाइल का मिटली, कोरी? आणि एक खरं सांग. तुला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना?

आत्या


ओटावा
१२ मे

आत्या,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि फाडलं.

सही गार्लंडकाकांची आहे. तारीख १७ ऑक्टोबर, ते जायच्या पाच महिने आधीची. तू चर्चच्या गाण्याच्या सरावाला गेली होतीस. आणि तो कागद त्यांच्यापुढे ठेवणारा मी होतो. तेव्हा मी बाईंच्या स्थानिक ऑफिसात होतो. गावचा मुलगा म्हणून मलाच पाठवलं.

त्या उन्हाळ्यात पाणबुड्यांनी धक्क्याची तपासणी केली होती. पाण्याखालचे खांब किड्यांनी पोखरलेले होते. दोन्ही बंदरांना पैसे मिळणार नाहीत हे ठरलेलंच होतं. आपण आणि रेकर्स हार्बर भांडत राहिलो असतो, तर दोघांचंही काम दहा वर्षं लांबलं असतं. एकाने लेखी माघार घेतली, तर दुसऱ्याचा बांध लगेच मंजूर होणार होता. काकांना हे पटलं. ते म्हणाले, "माझ्या खुर्चीवर दुसरा कोणी बसला, तर त्याच्याकडून हे होणार नाही. धक्का कोसळून कोणीतरी बुडेल, मग सगळ्यांना कळेल." दुखण्याचं त्यांना तेव्हाच कळलं होतं. तुला नाताळनंतर सांगितलं.

हेडलीकाका तिथेच होते. सचिव म्हणून त्यांचीही सही हवी होती. त्यांनी केली नाही. "गावाला विचारल्याशिवाय मी पेन उचलणार नाही," म्हणाले आणि उठून गेले. अध्यक्षांची एक सही पुरेशी आहे, असं मी काकांना सांगितलं. ते खरं होतं. पुढे काकांनी हेडलीकाकांकडून वचन घेतलं की तुला कळू द्यायचं नाही. तू त्यांच्यावर रागावलेली असताना त्यांना जायचं नव्हतं.

अजून एक राहिलंय. काकांनी सहीआधी विचारलं, "आपल्या सहा बोटींना रेकर्स हार्बरला जागा मिळेल, हे या कागदात कुठे आहे?" मी म्हणालो, "ते वेगळ्या पत्राने येईल. मी बघतो." मला तसं सांगायला सांगितलं होतं, आणि माझाही त्यावर विश्वास होता. ते पत्र कधी आलंच नाही. मी दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं. हेडलीकाका सप्टेंबरात रेकर्स हार्बरला जात होते ते त्या सहा जागा मागायला. तिथले म्हणाले, "कागद दाखवा."

कोरी


ग्रॅपनेल कोव्ह
३० मे

कोरी,

तुझं पत्र आलं त्यानंतर दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. सेहेचाळीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपले त्याने माझ्या पाठीमागे एवढं ठरवलं. त्याच्यावर रागवायला तो नाही, म्हणून मी त्याच्या फोटोवर रागावले. मग फोटो पुसून परत ठेवला. दुसरं काय करणार?

तिसऱ्या दिवशी हेडलीकडे गेले. तो शेडमध्ये पिंजऱ्यांची जाळी शिवत होता.

"मी आलेय," म्हटलं.

"दिसतंय."

"तू मला का नाही सांगितलंस? भर हॉलमध्ये मी तुला काय काय बोलले!"

"त्याला शब्द दिला होता."

"तो गेला, हेडली."

"म्हणून तर," तो म्हणाला. "आता तो शब्द परत कोणाकडे मागू?"

मग बराच वेळ जाळीच शिवत राहिला. मी उठले तेव्हा म्हणाला, "सही केल्यावर मी त्याच्याशी महिनाभर बोललो नाही, डल्सी. मला आजार ठाऊक नव्हता. त्याने सांगितलं तेव्हापासून रोज यायला लागलो. तो महिना माझ्याकडे राहिलाय, तो काही मला परत देता येत नाही."

मी म्हटलं, "माझे तीन महिने त्यात धर." त्यावर तो थोडा हसला. माफ केलं असं काही म्हणाला नाही, मीही विचारलं नाही. रविवारी प्रार्थनेनंतर मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं की सही गार्लंडची होती, हेडलीने नकार दिला होता आणि मी खोटं बोलले. गार्लंडचं नाव घ्यायची इच्छा नव्हती. पण बोलले होते सगळ्यांसमोर, तेव्हा फेडायलाही सगळ्यांसमोरच हवं होतं.

आता तुझं. गार्लंडला फसवलं असं मी म्हणणार नाही, धक्क्याचं त्याला खरंच पटलं असेल. पण सहा जागांचा शब्द त्याने तुझ्या तोंडाकडे बघून खरा मानला. दुसरा कोणी असता तर त्याने कागद मागितला असता. म्हणूनच तुला पाठवलं, हे तुला तेव्हा कळलं नसेल, पण आता कळतं ना? आणि त्यानंतर चार महिन्यांत तुझी ओटावाला बढती झाली. मी सगळ्यांना साखर वाटल्यासारखी सांगत फिरले होते.

त्या दिवशी तू काय शब्द दिलास, कोणाच्या सांगण्यावरून दिलास, ते सगळं लिही. खाली तुझं पूर्ण नाव आणि सही कर. एक प्रत बंदर खात्याला, एक तुमच्या बाईंना, एक हेडलीला. नोकरी जाईल का ते मला माहीत नाही. जायची असेल तर जाऊ दे.

ते होईपर्यंत मला पत्र लिहू नकोस.

डल्सी कीपिंग


ओटावा
९ ऑगस्ट

आत्या,

दहा आठवडे लागले. ते सगळे विचार करण्यात गेले असं लिहिलं तर तू ओळखशील. बराच काळ मी नुसता घाबरत होतो.

गेल्या सोमवारी निवेदन तिन्ही ठिकाणी पाठवलं. बाईंना ते हातात दिलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं आणि म्हणाल्या, "कोरी, हे तुला आत्ता सुचलं?" मी म्हणालो, "नाही बाई, तेव्हाच सुचायला हवं होतं." दुपारी त्यांच्या सचिवाने मला राजीनाम्याचा मसुदा आणून दिला. माझ्याच पद्धतीची भाषा होती, "परस्पर संमतीने". मी तो शब्द खोडला, "माझ्या इच्छेने" असं लिहिलं आणि सही केली.

सोबत निवेदनाची प्रत आहे. ऑक्टोबरपर्यंत घरभाडं भरलेलं आहे. त्यानंतरचं अजून ठरवलेलं नाही.

कोरी


ग्रॅपनेल कोव्ह
६ ऑक्टोबर

कोरी,

बंदर खात्याचं उत्तर आलं. तुझं निवेदन त्यांनी "विचारात घेतलं". रेकर्स हार्बरला आपल्या चार बोटींना पाच वर्षं जागा, लेखी. सहा नाहीत, चार. हेडलीने आधीच सांगून टाकलं की त्याची बोट त्या चारांत धरायची नाही. उरलेली दुसरी म्हाताऱ्या सायलसची होती, त्याने ती विकली. त्या दोन जागांसाठी आम्ही परत लिहिलंय, आणि मिळेपर्यंत लिहीत राहणार.

धक्का मंगळवारी काढला. मोठं यंत्र बार्जवर आणलं होतं. मी बघायला गेले. खांब वर आले तेव्हा त्यांची खालची टोकं मनगटाएवढी उरली होती, चाळण झालेली. काही खांब तर वर येता येताच तुटले. दरवर्षी हिवाळ्यात आम्ही त्यावर उभे राहत होतो. हेडली बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "गार्लंड बरोबर होता. विचारायला मात्र हवं होतं." गार्लंडबद्दल याहून खरं मी कोणाकडून ऐकलेलं नाही, त्याच्या अंत्यविधीला चर्चमध्ये झालेल्या भाषणांतसुद्धा.

बंदर गेलं तरी समिती मोडायची नाही असं ठरलं. बोटी आहेत, जागा भांडून घ्यायच्या आहेत. मला अध्यक्ष केलंय. हेडली सचिव. नवा नियम एकच, कोणताही कागद आला की आधी हॉलमध्ये मोठ्याने वाचायचा, मग सही.

पहिली बैठक १९ तारखेला, दुपारी दोनला. पहिला विषय तुझं निवेदन. मी ते वाचून दाखवणार होते. हेडली म्हणाला, "ज्याने लिहिलं त्याने वाचावं." मत घेतलं. अकरा घरांतून नऊ हात वर झाले. माझा सगळ्यांत शेवटी झाला, पण झाला.

माणसं प्रश्न विचारतील. काही जण ओरडतील. हेडली ओरडणार नाही, ते तुला जास्त जड जाईल. मी अध्यक्षाच्या खुर्चीत असेन, तेव्हा मध्ये पडणार नाही. बैठक संपली की घरी ये, जेवायला खारवलेलं मांस आणि वाटाण्याचं पुडिंग आहे.

विमानतळावर घ्यायला हेडली येतो म्हणालाय. वाटेत दोन तास आहेत. तो बोलला तर बोल.

आत्या